नववीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेले कोंबड्यांचे खुराडे : वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववीचे विद्यार्थी गटप्रकल्प म्हणून कोंबड्यांची खुराडी बांधून देतात. साहित्याचा आणि वाहतुकीचा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो. मजुरी घेतली जात नाही. त्यांच्याकडून करून घेतलेले वीस कोंबड्यांचे खुराडे आमच्या आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) २०२५ च्या फेब्रुवारीपासून वापरात आहे. त्याने एक उन्हाळा, एक लांबलेला पावसाळा आणि एक हिवाळा पाहिला आहे, त्यामुळे आता त्याविषयी खात्रीने लिहिता येईल. माझे मत आधीच सांगते : एवढ्याच पैशांत बाजारात मिळणाऱ्या तयार पिंजऱ्यापेक्षा हे खुराडे निश्चित चांगले आहे, कारण लोखंडाला हात लावण्यापूर्वी या मुलांनी आमच्या कोंबड्या, आमचे आवार आणि आमच्याकडचे ऊन-वारे नीट पाहून घेतले होते. त्यात दोषही आहेत, आणि त्यांतला एक मला अजून रोज जाणवतो.

शाळेतील हा विषय ‘आयबीटी’ (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) या नावाने ओळखला जातो. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमातून तो पुढे अनेक शाळांत गेला. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य अशा विभागांतून मुले हाताने काम करत शिकतात, आणि गावाला उपयोगी पडेल अशी वस्तू किंवा सेवा देणे हा त्या शिक्षणाचाच भाग असतो. वेल्डिंगचे काम निदेशकांच्या देखरेखीखाली, हातमोजे आणि काळ्या काचेचा मुखवटा वापरूनच होते, हे मी शाळेत जाऊन पाहिले आहे. आपल्या मुलाच्या हातात वेल्डिंगचा होल्डर पाहून घाबरणाऱ्या पालकांनीही एकदा जाऊन पाहावे.

आमच्याकडे पूर्वी कोंबड्या रात्री डालग्याखाली झाकत असत. संख्या वाढल्यावर आम्ही बांबूच्या कामट्यांचे खुराडे करून घेतले होते. बांबूचे खुराडे स्वस्त पडते आणि हवाही चांगली खेळते, पण कामट्यांच्या फटींत आणि सुतळीच्या गाठींत गोचीड दडून बसतात. ते दिवसा दिसत नाहीत. रात्री बाहेर येऊन कोंबडीचे रक्त पितात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा फटीत शिरतात. कोंबडीचा तुरा फिका पडत जातो, अंडी कमी होतात, आणि मालक मात्र दाणा कमी पडतो आहे का याचाच विचार करत राहतो. मुलांचा गट पहिल्यांदा पाहणीसाठी आला तेव्हा त्यांतल्या एका मुलीने जुन्या खुराड्याची एक कामटी सोडवली, वहीचा कोरा कागद जमिनीवर अंथरला आणि त्यावर ती कामटी आपटली. चपटे, तपकिरी गोचीड कागदावर पडले आणि कडेकडे पळू लागले. “काकू, दाणा वाढवून हे जाणार नाहीत,” एवढेच ती म्हणाली. लोखंडी अँगलचा सांगाडा करण्याचा निर्णय तिथेच झाला. लोखंडाच्या सांध्यात एखादी फट राहिलीच तर ती फ्लेम गनने शेकून काढता येते. बांबूच्या बाबतीत तो मार्ग बंद असतो.

त्या पाहणीत मुलांनी विचारलेले प्रश्न मला विशेष वाटले. रात्री कोंबड्या आपणहून कुठे बसतात, खुडूक कोंबडी वेगळी ठेवता का, पावसाची झड कोणत्या बाजूने येते, कडुलिंबाची सावली दुपारी कुठवर पोहोचते, मुंगूस कोणत्या वेळी दिसते, असे त्यांनी एकेक विचारून लिहून घेतले. मुंगूस बहुधा दिवसाच फिरते, तर बोका, रानमांजर आणि ऊदमांजर रात्री येतात, त्यामुळे मुंगसासाठी मोकळ्या आवारात आडोसा हवा आणि रात्रीच्या जनावरांसाठी खुराडे भक्कम हवे, हा फरक त्यांच्या सरांनी त्यांना तिथेच समजावून सांगितला. नंतर मुलांनी बाभळीच्या वेगवेगळ्या जाडीच्या काठ्या दोन विटांवर ठेवल्या आणि माझ्या हातातील कोंबडी एकेका काठीवर बसवून पाहिली. बारीक काठीवर तिचा तोल जात होता आणि जाड लाकडाला तिची बोटे वळत नव्हती. दोन इंच रुंदीच्या, वरच्या कडा गोल केलेल्या दांडीवर ती स्थिर बसली आणि तिने पिसे फुगवली. तेच माप कायम झाले.

खुराड्याची लांबी आठ फूट, रुंदी चार फूट आणि उंची मागे चार, पुढे साडेचार फूट आहे. कोंबड्या दिवसभर बाहेर चरत असतील आणि केवळ रात्रीपुरत्या आत येत असतील, तर एका कोंबडीला दीड चौरस फूट जागा पुरते. त्या हिशेबाने बत्तीस चौरस फुटांत वीस-एकवीस कोंबड्या बसतात. तयार पिंजरे विकणारे याच आकाराला ‘पन्नास पक्ष्यांचा’ म्हणतात, हे ग्राहकाने लक्षात ठेवावे. दाटीत कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात आणि हवाही कोंदट होते. बसण्याच्या दांड्या दोन असून प्रत्येक कोंबडीला सहा ते आठ इंच जागा मिळते. दोन्ही दांड्या एकाच उंचीवर आहेत. एक वर आणि एक खाली असती तर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडणे झाली असती. दांड्या दीड फुटापेक्षा उंच ठेवू नयेत असे मी सुचवले होते आणि मुलांनी ते मानले. आमच्याकडे गावरानबरोबर काही गिरिराज कोंबड्याही आहेत. ही बंगळुरूला विकसित झालेली जात गावरानच्या मानाने बरीच वजनदार असते आणि उंचावरून उडी मारताना तिच्या तळपायाला इजा होण्याचा संभव असतो. दांड्या खाचांत नुसत्या ठेवलेल्या आहेत, त्यामुळे त्या उचलून उन्हात टाकता येतात. ही छोटी सोय मला फार मोलाची वाटते.

तळाची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. दांड्यांखालच्या अर्ध्या भागात जाळीचा तळ असून त्याखाली पत्र्याचा ट्रे आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात फळ्यांवर भुश्याची गादी आहे. रात्रीची विष्ठा दांड्यांच्या खालीच पडते, म्हणून ती जाळीतून सरळ ट्रेमध्ये जाते आणि गादी बराच काळ कोरडी राहते. पूर्ण जाळीचा तळ केला असता तर साफसफाई आणखी सोपी झाली असती, पण सतत तारेवर उभे राहून कोंबड्यांच्या पायांना जखमा होतात. आपल्या भागात भाताचे तूस सहज मिळत नाही, त्यामुळे आम्ही लाकडाचा भुसा आणि भुईमुगाची टरफले वापरतो. ट्रेमधील विष्ठा ताजी असताना पिकाला घालू नये. ती उष्ण पडते. उकिरड्यात कुजवून मगच शेतात टाकावी.

बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावली आहे. अनेक जण स्वस्त म्हणून षटकोनी कोंबडी-जाळी घेतात. त्या जाळीत कोंबड्या कोंडून राहतात हे खरे, पण तिची तार पातळ असते आणि जोराच्या धडकेने तिची घरे रुंदावतात. शिवाय घर मोठे असल्याने जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीपर्यंत बाहेरून पंजा पोहोचतो. अर्ध्या इंचाच्या जाळीतून पंजा जात नाही, उंदीर शिरत नाही आणि अंड्यांच्या मागावर आलेल्या सापालाही वाट मिळत नाही. जाळीचा गेज (तारेच्या जाडीचा क्रमांक) विचारताना आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हेही ध्यानात असू द्यावे. दुकानदार मोठा आकडा सांगतो आणि आपण तीच जाळी मजबूत समजून घेऊन येतो. पावसाळ्यात एका सकाळी खुराड्याच्या मागच्या बाजूला चिखलात मांजराच्या पंजांचे ठसे आणि जाळीवर दोन फुटांपर्यंत चिखलाचे ओरखडे दिसले. आतल्या कोंबड्या सगळ्या जागच्या जागी होत्या.

या खुराड्याचे सर्वांत चांगले अंग म्हणजे त्याचे छप्पर. पत्र्याखाली कोंबड्या ठेवणे हा मराठवाड्याच्या उन्हाळ्यातील मोठा धोका आहे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ऊन वाढले की ती चोच उघडी ठेवून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते, दाणा कमी खाते आणि पाणी दुपटीने पिते. पारा चाळिशीच्या पुढे गेला आणि वारा पडला की मरतूक सुरू होते. आपले जुने लोक माळवदाच्या जाड मातीखाली राहत आणि कोंबड्यांचे खुराडेही भिंतीत किंवा ओसरीच्या कडेला असे, तेव्हा हा प्रश्न एवढा तीव्र नव्हता. मुलांनी पत्र्याच्या वर सुमारे सहा इंच अंतर सोडून बारीक अँगलची एक चौकट बसवली आणि तिच्यावर तुराट्यांच्या (तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या) पेंढ्या रचून तारेने बांधल्या. ऊन तुराट्यांवर पडते, मधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो आणि पत्रा तापत नाही. त्यासाठी लागणाऱ्या तुराट्या आपल्याकडे प्रत्येक बांधावर पडलेल्या असतात. एप्रिलमध्ये भर दुपारी मी खुराड्यात हात घालून छताच्या पत्र्याला आतून तळवा लावला, तेव्हा तो निवांत ठेवता आला. शेजारच्या गोठ्याच्या उघड्या पत्र्याला मात्र बोट टेकवत नव्हते. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्याने सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन अरुंद बाजूंवरच येते, याचाही उपयोग झाला. उन्हाळ्यात आमच्या खुराड्यात उष्माघाताने एकही कोंबडी गेली नाही. त्याचे श्रेय मी प्रथम या छपराला आणि त्यानंतर मातीच्या भांड्यातील गार पाण्याला देते.

तुराट्यांची एक काळजी मात्र घ्यावी लागते. २०२५ च्या मे महिन्यातच अवकाळी पाऊस कोसळला, पेंढ्या भिजल्या आणि आतून कुजू लागल्या. त्यांतून गळणारे तपकिरी पाणी पत्र्याच्या बोल्टांपाशी साचून तिथे गंज धरला. पाऊस लागण्यापूर्वी तुराट्या उतरवून कोरड्या जागी ठेवाव्यात आणि बोल्टांवर डांबराचा हात द्यावा, ही सूचना मुलांनी दिलेल्या वापराच्या कागदात असायला हवी होती.

पावसाळ्यात खुराड्याच्या दोन फुटी पायांची परीक्षा झाली. सप्टेंबरमधील अतिवृष्टीने मराठवाड्यात किती हानी केली हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या आखाड्यावर पाणी साचून राहिले होते, पण खुराड्याचा तळ आणि आतील गादी खालून भिजली नाही. वरून मात्र त्रास झाला. पश्चिमेकडच्या बाजूला पत्रा फक्त अर्धा फूट पुढे काढला होता, त्यामुळे झडीचे पाणी आत येऊन त्या कोपऱ्यातील भुश्याची ढेकळे झाली आणि डोळ्यांना झोंबणारा वास सुटला. ओल्या गादीतून निघणारा अमोनिया कोंबड्यांच्या श्वसनमार्गाला घातक असतो आणि त्याच ओलीत रक्ती हगवण वाढते, म्हणून ओला भाग ताबडतोब काढून, चुना मिसळून, कोरडा भुसा टाकावा लागला. निरोप दिल्यावर मुले येऊन माप घेऊन गेली आणि त्यांनी त्या बाजूला बिजागरीवर उघडझाप होणारा पत्र्याचा झडपा बसवून दिला. पाहणीच्या वेळी झडीची दिशा विचारून घेतली असताना छपरात ही उणीव का राहिली, असे मी निदेशकांना विचारले. पत्र्याची तयार लांबी न कापता वापरावी म्हणून तसे केले, असे त्यांनी सांगितले. काटकसर समजते, पण आपल्याकडच्या पावसात छप्पर पश्चिमेला निदान दोन फूट पुढे हवेच.

अंडी घालण्याच्या पेट्यांबाबतही सुरुवातीला चूक झाली होती. वीस कोंबड्यांना चार पेट्या हे प्रमाण बरोबर होते आणि बाहेरून झाकण उघडून अंडी काढण्याची सोयही उत्तम होती, परंतु पेट्या बसण्याच्या दांड्यांपेक्षा उंचावर लावल्या होत्या. कोंबडी झोपण्यासाठी नेहमी उंच जागा शोधते. साहजिकच काही कोंबड्या रात्रभर पेटीतच बसू लागल्या, पेंढा घाण झाला आणि सकाळची अंडी डागाळलेली निघू लागली. आठवडी बाजारात डागाळलेल्या गावरान अंड्याला गिऱ्हाईक हात लावत नाही. मुलांनी पेट्या खाली घेऊन दिल्या आणि प्रश्न मिटला. मला आवडले ते असे, की आपल्या प्रकल्पाच्या वहीत त्यांनी आधीची आणि नंतरची अशा दोन्ही आकृत्या काढून ठेवल्या, आणि पुढच्या गटाने बांधलेल्या खुराड्यात पेट्या पहिल्यापासूनच खाली होत्या.

जाळीच्या कापलेल्या तारांची टोके काही ठिकाणी आतल्या बाजूला राहिली होती आणि एका कोंबड्याचा तुरा त्यामुळे फाटला. ग्राइंडर मारून आणि कडेने लोखंडी पट्टी लावून ते दुरुस्त झाले, तरी खुराडे ताब्यात घेताना आतून सर्वत्र हात फिरवून पाहावा, असे मी प्रत्येकाला सांगेन. वेल्डिंगचे टाके ओबडधोबड आहेत, पण पक्के आहेत. वर्षभरात एकही सुटला नाही. रेडऑक्साइडवर ऑइलपेंटचा एकच हात दिल्यामुळे पायांशी रंग उडू लागला आहे.

न सुटलेला दोष दाराचा आहे. दार पूर्वेकडच्या अरुंद बाजूला आहे आणि खुराडे आठ फूट लांब आहे. पश्चिमेकडच्या कोपऱ्यातील गादी बदलायची तर कमरेत वाकून अर्धे आत शिरावे लागते किंवा लांब दांड्याचे फावडे वापरावे लागते, आणि फावड्याने फळीच्या कडेची घाण निघत नाही. कोंबड्यांचे काम घरोघरी बायकाच करतात, त्यांतल्या अनेकींना गुडघ्याचे आणि कमरेचे दुखणे असते. दार लांब बाजूला, मध्यभागी, निदान अडीच फूट रुंदीचे असते तर हा रोजचा त्रास वाचला असता. आता ते बदलायचे म्हणजे जाळी कापून चौकट नव्याने बसवावी लागेल, म्हणून मी ते तसेच ठेवले आहे. दाराची कडी मात्र चांगली आहे : कोयंड्यात आडवी सरकणारी, ढकलून न उघडणारी.

जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मेले आणि त्याचे कारण बर्ड फ्लू असल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा आमचे खुराडे शाळेत जोडले जात होते. चार वर्षांपूर्वी, जानेवारी २०२१ मध्ये, परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या याच रोगाने दगावल्या होत्या, तीही आठवण लोकांच्या मनात ताजी होती. शाळेने त्या वेळी मूळ आराखड्यात एक बदल केला : दाण्याची आणि पाण्याची भांडी बाहेर न ठेवता आत, छपराखाली अडकवण्यासाठी कड्या दिल्या, जेणेकरून कावळे-चिमण्यांची विष्ठा त्यांत पडणार नाही. या बदलाचे पैसे वेगळे घेतले नाहीत. अर्थात खुराड्याने लसीकरणाची गरज संपत नाही. मानमोडी (राणीखेत) आणि देवी या रोगांच्या लसी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्याव्याच लागतात.

खर्च साहित्य, रंग आणि टेम्पोचे भाडे धरून सुमारे अकरा हजार रुपये आला. अँगल, जाळी, पत्रा, बिजागऱ्या, वेल्डिंग रॉड या प्रत्येकाची दुकानाची पावती मुलांनी स्वतंत्र जोडली होती आणि अंदाजपत्रकापेक्षा जास्त लागलेल्या रकमेपुढे कारण लिहिले होते. एवढा स्वच्छ हिशेब मला कोणत्याही कारागिराने आजवर दिलेला नाही. याच किमतीत बाजारात मिळणारा पिंजरा दिसायला अधिक सफाईदार असतो आणि पैसे दिले की त्याच दिवशी घरी येतो, पण त्याला उन्हाचा विचार नसतो, तळ पूर्ण जाळीचा असतो आणि बिघाड झाला तर विचारायला कोणी नसते. ज्याला आठवड्याभरात खुराडे हवे आहे त्याने मात्र शाळेकडे जाऊ नये. काम फक्त कार्यशाळेच्या तासांत होते, आणि स्नेहसंमेलनामुळे आमचे खुराडे ठरल्या वेळेपेक्षा बरेच उशिरा मिळाले. वजनही विचारात घ्यावे : एक इंची, तीन मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला १.१ किलो भरतो, त्यामुळे पूर्ण खुराडे हलवायला चार गडी लागतात आणि जागा आधीच पक्की केलेली बरी.

ज्यांना असे खुराडे करून घ्यायचे आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडताच मुख्याध्यापकांना लेखी मागणी द्यावी, म्हणजे होळीपूर्वी ते आवारात उभे राहते. मागणीतच तीन गोष्टी लिहून द्याव्यात : दार लांब बाजूला, पश्चिमेकडे छप्पर दोन फूट पुढे, आणि पायांना रंगाचे दोन हात. मला दिलेल्या आराखड्याची प्रत शाळेत आहे, ती मागितल्यास दाखवतात. तुराट्या आपल्याच शेतातल्या लागतात, तेव्हा तुरीची काढणी झाल्यावर त्या जाळून न टाकता दोन-तीन भारे बाजूला काढून ठेवावेत.